सोळा फुटांची काठी

महाविद्यालयात सर्जनशीलतेला दर गुरुवारी दुपारी दोन ते चार ही वेळ मंजूर झाली होती. आधी ती सोमवारी होती. पण सोमवारी पाणी येत नाही आणि सर्जनशीलतेनंतर हात धुवावे लागतात, असा मुद्दा विभागाच्या बैठकीत निघाला, म्हणून ती गुरुवारी नेण्यात आली. तीन वर्षांत हात धुण्याची वेळ मात्र एकाही विद्यार्थ्यावर आली नव्हती.

जळगावातल्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर 'नवनिर्मिती कक्ष' होता. दारावर पाटी होती, 'करून पाहा, चुका, पुन्हा करा'. तिच्या खाली जरा मोठ्या अक्षरांत दुसरी पाटी होती, 'कशालाही हात लावू नये'. आत थ्रीडी प्रिंटर होता, लेझर कटर होता, ड्रिल होतं, आणि सगळ्यावर कंपनीहून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. दसऱ्याला त्या प्लॅस्टिकवरच कुंकू लागायचं आणि झेंडूची माळ पडायची. कोणतं यंत्र काय काम करतं हे कोणी सांगू शकत नसे, पण कोणत्या साली घेतलं ते कुंकवाच्या थरावरून कळायचं.

भूमिका तिसऱ्या वर्षाला होती. गाव सावद्याकडचं, घरची केळी. तिच्या डोक्यात भाद्रपदापासून एकच गोष्ट होती. केळीच्या घडाला धूळ आणि डाग लागू नये म्हणून त्याच्यावर पांढरी पिशवी चढवतात. त्यासाठी स्टुलावर उभं राहावं लागतं, आणि बागेतली जमीन ओली. भाद्रपदात तिची आई, बेबाबाई, पिशवी चढवताना स्टुलासकट आडवी झाली आणि तिचा उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात पहिल्यासारखा वर जाईना. वडिलांना, म्हणजे नवलभाऊंना, उंचावर चक्कर येते. ते स्टुलावर कधीच चढत नाहीत, खाली उभं राहून सूचना देतात. आता पुढची बाग निसवायला, म्हणजे झाडांतून घड बाहेर पडायला, तीन आठवडे राहिले होते आणि आई म्हणत होती, "मी चढीन ना, मले काय झालं?" भूमिकेला तेवढ्या एका वाक्याची धास्ती बसली होती.

जमिनीवरूनच पिशवी चढवता येईल अशी एक काठी करायची, असं तिनं ठरवलं. वर एक कडं, कड्यात पिशवीचं तोंड ताणलेलं, आणि खालून दोरी ओढली की तोंड आवळेल. हे इथे करायचं नाही तर कुठे, म्हणून ती गुरुवारी बरोबर दोन वाजता कक्षात हजर झाली.

तिथे हितेंद्र सर होते, सर्जनशीलता समन्वयक. माणूस वाईट नव्हता. लहानपणी एरंडोलला घरातले तीन रेडिओ त्यांनी खोलले होते आणि त्यातला एक परत जोडलाही होता. पण समन्वयक झाल्यापासून ते फक्त सह्या जोडायचे.

"जर्नल कुठेय?" त्यांनी विचारलं.

"सर, आधी एक वस्तू करून बघायची होती."

"आधी जर्नल. प्रयोग पहिला, पेचकस धरण्याची पद्धत, आकृतीसह. दुसरा, पेचकस खाली ठेवण्याची पद्धत. तिसऱ्यात सुरक्षेचे अठ्ठावीस नियम आहेत. चौथा, नवीन कल्पना सुचणे. चारही तपासून झाले की मग बघू."

आता जर्नल म्हणजे काय, हे ज्यांनी कॉलेज पाहिलंय त्यांना काय सांगायचं! मागच्या वर्षीच्या पोरांकडून वही घ्यायची आणि कॅन्टीनमध्ये बसून उतरवायची. त्या पोरांनी ती त्यांच्या मागच्यांकडून उतरवलेली असते. भूमिकेनं ऋतिका नावाच्या एका सीनिअरची वही घेतली. चौथ्या प्रयोगात लिहिलं होतं, 'सुचलेली नवीन कल्पना : मोबाईल स्टँड. निष्कर्ष : सदर कल्पना विद्यार्थ्यास स्वतःस सुचली.' तिनं आणखी चार वह्या पाहिल्या. पाचही जणांना मोबाईल स्टँडच सुचला होता, आणि पाचही जणांना दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

भूमिकेनं तीन प्रयोग उतरवले आणि चौथ्यात आपली काठी लिहिली. आकृती काढली, मापं घातली. लांबी सहा फूट.

हितेंद्र सरांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय? मोबाईल स्टँड कुठेय?"

"सर, नवीन कल्पना लिहायची होती ना?"

"हो, पण मंजूर असलेली नवीन. दोनशे चाळीस मुलांना एक कल्पना सुचते आणि तुला एकटीला वेगळी? बाहेरचे परीक्षक मला विचारतील, ही मुलगी वर्गात असते की नाही."

"पण सर, माझी आई..."

"आईला नमस्कार सांग. आणि हे पान फाडून पुन्हा लिही."

भूमिकेला रडू आलं, पण सरांसमोर ती रडली नाही. जिन्यात येऊन रडली. मग डोळे पुसून तिनं मोबाईल स्टँड लिहिला आणि तीन वाजून दहा मिनिटं अशी वेळही घातली. सही मिळाली. आता ड्रिल वापरू का, असं विचारल्यावर सर म्हणाले की ड्रिलचं प्लॅस्टिक मूल्यांकन समितीसमोर काढायचं ठरलंय. समिती कधी येणार ते गोपनीय होतं.

कक्षाच्या किल्ल्या सांभाळणारे अभिमनभाऊ हे सगळं ऐकत होते. शिरपूरकडचा माणूस, बोलणं अहिराणी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सर गेल्यावर ते जवळ आले.

"ताई, तीन वरीस व्हयनात, मी रोज या यंत्रसवर फडकं मारस. चालतस का नही, माले बी माहीत नही. आठे बठ्ठा कारभार वहीना शे. तू गावले जाय आनि एखादा मिस्त्री धर." इथला सगळा कारभार वहीतला, हे भूमिकेलाही पटलं.

त्या शनिवारी भूमिका गावी गेली आणि तिनं वना मिस्त्रीला धरलं. वना मिस्त्री फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या दुकानाला पाटी नाही, आणि हात न लावता तिथे उभं राहायला जागाही नाही. भूमिकेनं जुना पीव्हीसी पाइप आणला, ठिबकची नळी गोल वळवून कडं केलं, नायलॉनची दोरी ओवली. पहिलं कडं पिशवीच्या भारानं लोळागोळा झालं. दुसऱ्या वेळी दोरी पाइपातच अडकली आणि वनानं तिला मनसोक्त चिडवलं, "काय वं इंजिनेर, हेच शिकवतात का तिकडं?" तिसऱ्यांदा जमलं. दिवस मावळायच्या आत ती काठी घेऊन बागेतल्या लवकर निसवलेल्या चार झाडांपाशी गेली आणि जमिनीवर उभं राहून डाव्या हातानं आईनं पहिली पिशवी चढवली. मग दुसरी, मग तिसरी. बेबाबाई लहान पोरीसारखी हसली. नवलभाऊंनी सवयीनं सूचना द्यायला तोंड उघडलं, पण सुचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भूमिकेला इतका आनंद झाला की तिनं आईचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

चूक झाली ती इथे.

सोमवारी सकाळी, स्टेटस पाहिलेल्या प्राचार्यांकडून निरोप आला. मूल्यांकन समिती पुढच्या आठवड्यात येणार होती आणि समितीच्या प्रश्नावलीत एक रकाना होता, 'कक्षात तयार झालेल्या वस्तू'. तीन वर्षांत सातशे वीस मोबाईल स्टँड सुचले होते, पण करायला कोणी एकही केला नव्हता. हितेंद्र सर भूमिकेला म्हणाले, "दोन दिवस काठी दे. फक्त दोन दिवस. तुझं नाव होईल."

बाग निसवायला अजून दोन आठवडे होते. काठी एसटीनं जळगावला आली.

लगेच फोटो निघाला. फोटोग्राफर जमिनीवर आडवा पडला, कारण खालून घेतलं की वस्तू भव्य दिसते. तो फोटो प्रयोगांची नियमावली ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीला गेला. त्या समितीची बैठक ऑनलाइन झाली आणि त्यात मोबाईल स्टँड रद्द होऊन चौथ्या प्रयोगाची नवीन कल्पना म्हणून काठी मंजूर झाली. लांबीचा रकाना रिकामा होता. समितीनं फोटो पाहून ती सोळा फूट ठरवली. छापील नियमावली दुसऱ्या दिवशी आली.

"सर, काठी सहा फुटांची आहे," भूमिका म्हणाली.

"नियमावलीत सोळा आहे."

"पण मोजून बघा ना!"

हितेंद्र सरांनी खरंच टेप आणवली आणि मोजली. सहा फूट भरली. त्यांनी पुन्हा मोजली. तरी सहाच भरली. ते खुर्चीत बसले आणि घाम पुसत म्हणाले, "हे बघ, नियमावलीला विद्यापीठाची मान्यता आहे. काठीला नाही."

तेव्हा काठी दुरुस्त करायचं ठरलं. पाइपाला पाइप जोडून ती सोळा फूट करण्यात आली. आता ती कक्षात उभी राहीना, कारण छत बारा फुटांवर होतं. आडवी ठेवावी तर नियमावलीतल्या फोटोत ती उभी होती. शेवटी प्राचार्यांच्या लेखी आदेशानं अभिमनभाऊंनी ड्रिलवरचं प्लॅस्टिक फाडलं आणि छताला भोक पाडलं. नवनिर्मिती कक्षात यंत्र वापरून हातानं केलेली ती पहिली निर्मिती. काठीचं वरचं टोक, कडं आणि दोरीसकट, पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या वर्गात निघालं. गणिताच्या सरांनी तिला छत्री अडकवायला सुरुवात केली.

त्याच दुपारी भूमिकेचं जर्नल परत आलं. नवीन नियमावलीप्रमाणे सगळ्यांनी चौथा प्रयोग पुन्हा लिहायचा होता. भूमिकेनं लांबी सहा फूट लिहिली होती. हितेंद्र सरांनी लाल शाईनं गोल केला होता : 'निरीक्षण चुकले. इतर विद्यार्थ्यांचे पाहून लिहावे.'

मूल्यांकन समिती आली. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि केळीचे वेफर देण्यात आले. अध्यक्षांनी मान वर करून छताचं भोक बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कल्पनेला मर्यादा नसते, हे तुम्ही इमारतीतूनच दाखवलंत." मग त्यांनी विचारलं, "ही कोणी केली?"

"आम्ही सर्वांनी," प्राचार्य म्हणाले. दोनशे चाळीस जर्नलं टेबलावर रचलेली होती आणि प्रत्येकात लिहिलं होतं की सदर कल्पना विद्यार्थ्यास स्वतःस सुचली. एवढ्या पुराव्यापुढे भूमिका काय बोलणार? महाविद्यालयाला सर्वोच्च श्रेणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती काठी मागायला गेली.

"अगं, आता ती नमुना आहे," हितेंद्र सर म्हणाले. "पेटंटचा अर्ज गेलाय. निकाल लागेपर्यंत ती हलवता येत नाही, आणि तशी दुसरी कोणी करायचीही नाही. हे हमीपत्र आहे, सही कर. नाहीतर सत्राचे गुण अडकतील."

"सर, मीच केलीय ती! आईला लागते. पुढच्या आठवड्यात बाग निसवतेय."

हितेंद्र सरांनी हमीपत्र तिच्याकडे वळवलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं, आणि म्हणून तिला जास्तच राग आला. शेवटी ते हळूच म्हणाले, "माझ्या हातात काही असतं तर..." आणि त्यांनी पेन पुढे केलं. भूमिकेनं सही केली. हमीपत्राची एक प्रत टपालानं वना मिस्त्रीलाही गेली. ती वाचून घाबरलेल्या वनानं उरलेली ठिबकची नळी चुलीत घातली.

रविवारी आईचा फोन आला.

"पेपरात तुह्या कॉलेजचा फोटो आला म्हणे. मीनं मोबाईलवर पाह्यला. लय मोठी दिसते वं काठी! मंदिराएवढी!"

"आई, तुझा आवाज एवढा स्पष्ट कसा येतोय? बागेत तर रेंज नसते."

"खाली नसते. वर येते."

"वर म्हणजे? आई, तू कुठे उभी आहेस?"

मागून नवलभाऊंचा आवाज आला, "डावा पाय जरा इकडं घे! इकडं!" आणि आई म्हणाली, "ठेव आता, पिशवी दातात धरेल हाय."

जूनमध्ये त्या महाविद्यालयाच्या सगळ्या जागा दोन दिवसांत भरल्या. चोपड्याहून, धुळ्याहून, थेट शिरपूरपासून पालक आले. सगळ्यांना नवनिर्मिती कक्ष दाखवण्यात आला. सगळ्यांनी मान वर करून भोक पाहिलं आणि 'वा!' म्हटलं. ही काठी केळीच्या बागेत नसून इथे काय करते, असं एकानंही विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही त्या वेळी पोराला काठीशेजारी उभं करत होतात, आणि फोटोत काठी पूर्ण मावत नव्हती म्हणून त्यालाच जरा खाली बसायला सांगत होतात.