गुलाबकाकांचा कडक उपास

गुलाबकाका दुसऱ्यांसाठी उपास धरतात. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या पोरीची परीक्षा असो, कुणाच्या बोअरला पाणी लागायचं असो, की मोर्शीच्या भाच्याचा संत्र्याचा बहर टिकायचा असो, शेजारचे हे निवृत्त कंडक्टर निर्जळी बसलेच म्हणून समजा. आणि कडक किती! दात घासताना पेस्टची चव लागली तरी मोडला म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं धरतात.

"उपास म्हंजे उपास! घशाखाली उतरलं का खलास."

काकू गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे अडवणारंही कुणी नाही.

यंदा त्यांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. आदल्या रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, असं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर स्वारी खूशच झाली. सोबतीला मी होतो. सकाळी बाईंनी सहज विचारलं, "काचबिंदूचे थेंब टाकले ना?"

"नाई बा! डोयात टाकले का घशात कडू लागते. पोटात गेलेच ना मंग थे!"

मी हबकलोच. काचबिंदूनं काकांचा एक डोळा कधीच गेलाय. दुसरा या थेंबांवरच तगून आहे.

"काल रातच्यालेबी नाई टाकले?" मी ओरडलो.

"कावून टाकू? उपास तं कालपासूनच होता."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, थेंब चालू ठेवा म्हटलं होतं मी! भुलीनं डोळ्यातलं प्रेशर बहुतेक उतरतं. पण घशात नळी घालताना, शुद्धीवर येताना खोकला आला, की एकदम चढतं. आधीच वाढलेलं असेल तर आहे तो डोळाही जायचा!"

प्रेशर मोजलं, चांगलंच वाढलेलं निघालं. थेंब टाकले, औषध दिलं, पुन्हा मोजलं, आणि प्रेशर उतरल्यावर दुपारी ऑपरेशन झालं. तोवर काकांची एकच हळहळ, "मोडला ना बाप्पा!"

डोळा शाबूत राहिला. संध्याकाळी चहा द्यायची परवानगी मिळाली. मी कप पुढे केला, तर काका माझ्याकडेच बघत बसले.

"तू जेवला?"

"नाही."

"सकाऊनपासून?"

"हो."

"माह्यासाठी?"

खरं म्हणजे धावपळीत जेवणाची आठवणच झाली नव्हती. पण मी मान डोलावली.

काकांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "तुई काकू गेल्यापासून माह्यासाठी कोनी उपासी नाई रायलं रे."

आणि कप माझ्याकडे सरकवला. "घे. आदी तू सोड."