साहेबांचे टूलबार आणि माझी रजा

आमच्या ऑफिसात मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरकडून आपोआप कामं करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. दुसरं कोणी लिहीतच नाही, हा भाग वेगळा!

रजेचा तक्ता कॉम्प्युटरवर असतो आणि जो तो त्यात नाक खुपसतो. माझ्या आठ दिवसांवर टायपिस्टबाईंनी दोनदा पिवळा रंग फासून स्वतःची रजा घुसडली. इकडे बायकोने तिकिटं काढलेली! म्हटलं, आता बंदोबस्तच करतो. मॅक्रो लिहिला : तक्ता उघडताच दिसतील त्या टूलबारची, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्ट्यांची, यादी टिपायची आणि सगळे लपवायचे, तक्ता बंद करताना यादीप्रमाणे परत आणायचे. बटणंच नसली तर रंग फासणार कुठून?

साहेबांनी तक्ता उघडला. टूलबार गायब!

"वा! जेवून आलो की तुमच्या रजेवर सही," साहेब म्हणाले. उठताना त्यांनी सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. कॉम्प्युटर जागीच गार. तक्ता रीतसर बंद झालाच नाही, टूलबार परत कोण आणणार?

जेवणानंतर साहेबांच्या एकाही फाइलमध्ये टूलबार नव्हते!

"अहो, माझं प्रिंटचं बटण कुठंय?"

"आत्ता आणतो, साहेब!"

मी तक्ता पुन्हा उघडला. मॅक्रो महाआज्ञाधारक! दिसतील त्या टूलबारची यादी त्याने नव्याने टिपली. दिसत एकही नव्हता. बंद करताना कोरी यादी पाहून तो गडबडला आणि त्याने पडद्यावर 'चूक झाली' अशी पाटी झळकवली. मी झटकन एक ओळ घातली : चूक झाली तर दुर्लक्ष करून पुढे जा. घरी याच धोरणावर माझा संसार चाललाय!

"पाटी गेली, साहेब!"

"पाटीचं काय घेऊन बसलात? बटण आणा!"

तेवढ्यात टायपिस्टबाई आल्या. "सरका." त्यांनी खटाखट कळा दाबल्या आणि कागद बाहेर! "मी मेली बटणं वापरतेच कुठे? सगळं कीबोर्डवरून."

"रंगसुद्धा?" मी विचारलं.

"रंगसुद्धा!"

साहेबांनी तिथल्या तिथे टायपिस्टबाईंची रजा मंजूर केली. "आणि तुम्ही, टूलबार परत येईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

रडवेल्या आवाजात मी बायकोला फोन केला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "असू दे, तुमच्या तिकिटावर आई येईल."

हे ती इतक्या पटकन म्हणाली की सासूबाईंची बॅग आधीच भरलेली असावी, असा मला दाट संशय आहे.