गुरुवारचा वारा

वसंत तोरसकर रोज सकाळी माझ्या दुकानात येतात, चिमूटभर हळद मागतात, रस्त्यावर जाऊन ती हवेत उडवतात आणि कुठल्या दिशेला जाते ते बघतात. मग "वायव्य, जोर मध्यम" असं काहीतरी स्वतःशी पुटपुटून चालू लागतात.

लालबागला माझं मसाला कांडपाचं दुकान आहे. एकदा त्यांची हळद एका गिऱ्हाईक बाईंच्या पदरावर पडली. बाईंनी ती भंडारा समजून कपाळाला लावली, हात जोडले आणि विचारलं, "जेजुरीचे का तुम्ही?"

"नाही, कमिटीचा," तोरसकर म्हणाले.

कमिटी म्हणजे मोबाइलवरच्या गोल्फ स्पर्धेची कमिटी. तीत एकच माणूस आहे. स्पर्धेत तीसेक जण आहेत, कोणी डोंबिवलीत, कोणी मस्कतमध्ये. सगळे आपापल्या घरी बसून फोनवर बोट सरकवतात आणि चेंडू उडतो. पण त्याआधी रोज कोणीतरी ठरवावं लागतं, की मैदान कुठलं, वारा किती, गवत कडक की ओलं, आणि भोक कुठे. ते ठरवतात तोरसकर.

आता गेममधला वारा गेममध्ये बोटाने कमीजास्त करता येतो. त्याला माझी हळद कशाला लागते, असं मी एकदा विचारलं.

"वारा मनाने लावायचा नसतो, वहिनी. मनाने लावला की माणूस सोयीचा लावतो. बघून लावायचा."

"पण भाऊ, हा लालबागचा वारा. दोन टॉवरच्या फटीतून येतो, मिरचीचा खकाणा घेऊन. तुमचं मैदान तिकडे इंग्लंडात."

"वाऱ्याला काय माहीत मैदान कुठलं ते."

मशीनवर दोन किलो बेडगी मिरची होती, ती मी कांडायला घेतली.

तोरसकर आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न करायचं राहून गेलं, असं सांगतात, जसं कोणी छत्री न्यायची राहिली म्हणून सांगावं. फोर्टातल्या एका विमा कचेरीतून निवृत्त झाले. खरं गोल्फचं मैदान त्यांनी आजवर बघितलेलं नाही. तरी खेळायला बसताना बनियन काढून कॉलरचा शर्ट घालतात, तो आत खोचतात आणि मगच फोन डब्याला टेकवून उभा करतात. "मैदानात बनियनवर जात नाहीत." चेंडू डावीकडे जायला लागला की हे उजवीकडे झुकतात. एकदा इतके झुकले की खुर्चीसकट गॅलरीत आले.

मूळचे वेंगुर्ल्याकडचे. त्यामुळे गोल्फचे इंग्रजी शब्द त्यांनी सरळ गावी नेलेत. मधली हिरवळीची पट्टी म्हणजे पाणंद. वाळूचा खड्डा म्हणजे पुळण. आणि भोकाभोवतीची गुळगुळीत जागा, जिला बाकी जग ग्रीन म्हणतं, ती यांचं खळं. घरापुढचं सारवलेलं अंगण असतं ना, ते. रोज सकाळी ते ग्रुपवर फर्मान टाकतात. "आजचं मैदान समुद्राकाठचं. वारा वायव्येकडून. खळं कडक वाळलेलं, चेंडू थांबणार नाही. भोक मागच्या कोपऱ्यात. रडायचं नाही."

लोक रडतात. विशेषतः डोंबिवलीचे कुलकर्णी. त्यांना एकच मैदान आवडतं, सपाट, बिनवाऱ्याचं, जिथे कोणालाही भरपूर गुण मिळतात. तोरसकर ते देत नाहीत. आज समुद्र, उद्या डोंगर, परवा वाळवंट. "रोज पिठलंच खाणार काय?" आणि वाऱ्याबद्दल कुरकुर आली की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "वारा सगळ्यांना सारखा."

असा सगळा शिस्तीचा कारभार. फक्त गुरुवारी ते हळद न्यायला येत नाहीत. मला वाटायचं, दत्ताचा काही नेम असेल.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी ते आले आणि हळद न मागता स्टुलावर बसले. फोन माझ्यापुढे धरला. ग्रुपवर कुलकर्ण्यांचा लांबलचक मेसेज होता. एका सभासदाने त्यांच्याकडे खाजगीत गुरुवारच्या वाऱ्याची तक्रार केली होती, म्हणून त्यांनी मागची फर्मानं तपासली, तर गुरुवारी वारा कधीच नसतो, खळं ओलं असतं आणि भोक बरोबर मधोमध. कमिटी कोणाला तरी मदत करते आहे. कारण सांगा, नाहीतर रविवारी नवी कमिटी निवडू.

"उत्तर लिहून द्या," तोरसकर म्हणाले. "मी लिहिलं तर शिव्या जातील."

"आधी मला सांगा, नसतो का वारा?"

"नसतो."

"मग तुमचं ते, वारा सगळ्यांना सारखा?"

"सारखाच आहे. कोणालाच नाही."

मी मशीनकडे वळले. तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

ग्रुपवर एक सभासद आहे, 'सुका बांगडा' नावाचा. तो म्हणजे परब. कचेरीत दोघांची टेबलं शेजारी, डबा एकत्र, आणि हा गेमसुद्धा परबनेच शोधून काढलेला. परबला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलाने त्याला विरारला नेलं. तोरसकर भेटायला गेले तर परबने तोंड भिंतीकडे फिरवलं, ते हे उठेपर्यंत. नंतर फोनही घेतला नाही. पण गेम सोडला नाही. डाव्या अंगठ्याने खेळतो. रोज त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, मग थोड्या वेळाने गुण येतात.

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी व्यायामवाली बाई येते त्याच्याकडे, मी गेलो होतो तेव्हा मुलाने सांगितलं. ती गेली की चांगला हातसुद्धा थरथरतो. पहिल्यांदा एकदा गुरुवारी वारा लावला होता. सगळे चेंडू पाण्यात. त्यानंतर आठवडाभर ठिपका नाही." फोन त्यांनी खिशात ठेवला, पुन्हा काढला. "खेळणं सोडलं ना त्याने, तर संपलं. मला दुसरीकडून काही कळायचं नाही."

"मग हेच लिहूया. कुलकर्णी काही राक्षस नाही."

"आणि परब ते वाचेल त्याचं काय? त्याच्यासाठी वारा बंद ठेवला म्हणून कळलं तर त्या दिवशीच फोन फेकून देईल. मी ओळखतो त्याला."

"मग कमिटी जाईल तुमची."

"जाऊ दे." असं म्हणाले खरे. पण सकाळी उठून ज्याच्या शब्दाची तीस माणसं वाट बघतात, तो माणूस हे कसं म्हणतो ते मी ऐकत होते.

शेवटी मी लिहिलं, "कारण आहे, पण सांगता येणार नाही. गैर काही नाही. वसंत तोरसकर." त्यांनी दोनदा वाचलं आणि खाली "रडायचं नाही" जोडायला निघाले. ते मी खोडलं.

कुलकर्ण्यांचं उत्तर दुपारपर्यंत आलं. त्यांच्या मते ही टाळाटाळ होती. तक्रार आपल्या मनची नाही हे दाखवायला त्यांनी त्या सभासदाचा मूळ मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. नावासकट. कुलकर्णी असेच आहेत.

सुका बांगडा: "गुरवरी वर पहिजे."

काना-मात्रा गळालेल्या होत्या. डाव्या अंगठ्याने तेवढंच जमलं असणार. अर्थ कळायला अडचण नव्हती, गुरुवारी वारा पाहिजे.

तोरसकरांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते वाचलं. मग म्हणाले, "याला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? इतकी वर्षं शेजारी बसलाय तुमच्या. गुरुवारीच वारा पडतो, हे त्याला नाही कळणार तर कुणाला?"

"मला का नाही लिहिलं मग? कुलकर्ण्याला लिहिलं. कुलकर्ण्याला."

"तुम्ही ऐकलं असतं?"

ते उठले आणि वर गेले. संध्याकाळी ग्रुपवर एवढंच आलं, की गुरुवारी वारा लागेल. कुलकर्ण्यांनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला. निवडणुकीचा विषय तिथेच मिटला, पण तोरसकरांना त्याचं काही सुख दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी ते हळद न्यायला आले. नेमका त्या दिवशी चांगला वारा होता. हळद सरळ समोरच्या पानवाल्यापर्यंत गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"थोडा कमी धरू?"

"बघून लावायचा ना?"

त्यांनी पूर्ण लावला. मैदान समुद्राकाठचं, खळं कडक. स्वतः खेळलेच नाहीत. कॉलरचा शर्ट घालून माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिले आणि फोनवर परबचे फटके आणि गुण एकेक करून येताना बघत होते. मला त्यातलं फार कळत नाही, पण त्यांच्या तोंडावरून कळत होतं. पहिल्या भोकाला चेंडू समुद्रात. दुसऱ्याला समुद्रात. तिसऱ्याला पुळणीत, आणि तिथेच बराच वेळ.

"सोडून देईल आता," ते म्हणाले.

"सोडलं का?"

"नाही अजून."

परबने सगळी भोकं पूर्ण केली. यादीत शेवटचा आला, आणि त्याच्या वरच्या माणसापासूनसुद्धा बराच लांब. हिरवा ठिपका तसाच होता. मग तोरसकरांचा फोन वाजला. ग्रुपवर नाही, त्यांच्या एकट्याला परबचा मेसेज आला होता. लिहिलेला नाही, आवाजाचा.

"वहिनी, मशीन बंद करा."

गिऱ्हाईक समोर असताना मी मशीन बंद करत नाही. केलं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. खुर्चीची करकर झाली. मग एक आवाज, आत कुठेतरी अडकलेला, ओढून बाहेर काढल्यासारखा. "मेल्या." बराच वेळ काही नाही. आणि मग, "वारो."

"काय म्हणाला?" तोरसकरांनी मला विचारलं. मी घाटावरची, वारो म्हणजे वारा एवढं कळतं, पण मालवणी मला धड येत नाही. त्यांची ती घरची भाषा.

"मेल्या, वारो," मी सांगितलं.

त्यांनी तो परत लावला, फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकला आणि परत विचारलं. मी परत सांगितलं. गिऱ्हाईक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत उभ्या होत्या. त्यांना मी जरा थांबा म्हटलं.