दगडूआप्पांची तहकूब सभा

आमच्या शेजारचे दगडूआप्पा अनुमोदन मिळाल्याशिवाय वांगंसुद्धा शिजवत नसत. सकाळी माझ्या दारात उभे राहून ते घसा खाकरत.

"आज भरलं वांगं करावं, असं मी सुचवतो."

मी तोंडातला ब्रश बाजूला घेऊन म्हणे, "अनुमोदन."

"ठराव एकमतानं मंजूर," असं जाहीर करून आप्पा घरी जात आणि चूल पेटवत. एकदा मी चेष्टेनं विरोध नोंदवला, तर गृहस्थ दिवसभर शिळ्या भाकरीवर राहिले.

आप्पा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. दुष्काळात जनावरं आटली, सोसायटीला कुलूप लागलं, पण आप्पांच्या अंगातला चेअरमन काही बंद पडला नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तेव्हा सभा भरवायला हाताशी उरलो मी.

त्या उन्हाळ्यात तेलगावच्या रस्त्याला जनावरांची छावणी पडली. आमच्या म्हशी तिथं, म्हणून आम्हीही तिथंच. छावणीत शेण भरायला मंगल नावाची बाई यायची, कडेवर तिची पाच वर्षांची पोरगी, रुपी. रुपीचा डावा पाय जन्मापासून अधू. कुठल्याशा शिबिरात तिला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला होता. डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलं होतं. रुपी मात्र बूट घातला की फतकल मारून बसायची.

"जूनमध्ये शाळा हाय हिची," मंगल एकदा आप्पांना म्हणाली. "मी तांबडं फुटायच्या आत रोजगाराला जाते. हिला कोन उचलून नेनार? न्हाई चालली तर बसंल घरीच."

"विषय महत्त्वाचा हाय," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं अनुमोदन दिलं.

म्हशींच्या रांगेला लागून आप्पांनी रुपीच्या छातीच्या उंचीवर एक जाड दोर ताणून बांधला. दोर धरून म्हशीम्हशीनं पुढं सरकायचं, अशी योजना. रुपीनं दोराकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं.

"म्हशीला कावून न्हाई बूट?"

"तिचा अर्ज आला न्हाई अजून."

रुपी उठली, दोन म्हशी ओलांडल्या आणि धाडकन पडली. मंगल पाटी टाकून धावली. आप्पांनी हात आडवा केला.

"थांब मंगल. सभा तहकूब झालीय."

हे प्रकरण समजावून सांगायला हवं. सोसायटीच्या वार्षिक सभेला पुरेशी माणसं कधीच जमत नसत. मग ती तहकूब व्हायची, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरायची, आणि असतील तेवढ्या माणसांत पार पडायची. आप्पांची सगळी कारकीर्द या एका नियमावर चालली होती. तोच त्यांनी रुपीला लावला. पडली तिथंच बसायचं, गूळ-शेंगदाणे खायचे, आणि मग तिथूनच पुढं. मागं जायचं नाही.

"झाला का अर्धा तास?" रुपी डोळे पुसत विचारायची.

"घड्याळ कमिटीकडं हाय," आप्पा म्हणायचे.

हळूहळू पोरगी रांगेच्या टोकाला पोचायला लागली. पण तिथं दोर संपायचा. पुढं पाण्याच्या हौदापर्यंत मोकळी जमीन, धरायला काही नाही. आप्पा रोज तिथं जाऊन गुडघ्यात वाकून दोन्ही हात पसरून उभे राहायचे. "या, सभासद, या." रुपी दोर सोडायची नाही. ऊन चढायचं, पण आप्पा हात खाली घ्यायचे नाहीत. शाळा तोंडावर आली होती. मंगलनं विचारणंच सोडून दिलं होतं.

एक दिवस मंगल हौदावर हंडा विसळत होती. आप्पा नेहमीसारखे हात पसरून उभे. रुपीनं दोर सोडला. मी कडब्याची पेंढी हातातच धरून राहिलो. पट्ट्या खटखट वाजल्या, पोरगी डावीकडे झुकली, सावरली, आणि आप्पांच्या हातांच्या बाजूनं निघून, हेलपाटत, सरळ हौदाकडे गेली. आईच्या पदराला तिनं मिठी मारली, तेव्हा कुठं मंगलनं मान वर केली. मग तिच्या हातातला हंडा कुठं गेला ते तिलाही कळलं नाही.

मी आप्पांजवळ गेलो. आता मोठा ठराव येणार, म्हणून तयारच होतो. आप्पा अजून गुडघ्यात वाकलेलेच.

"आप्पा, तुमच्याकडं न्हाई आली," मी चिडवलं.

"आई हाय की तिकडं," ते म्हणाले.

पण हात अजून तसेच पुढं होते. कडेच्या म्हशीला वाटलं, त्यात वैरण असेल. तिनं ओलं तोंड आप्पांच्या ओंजळीत खुपसलं. एरवी आप्पांनी तिला दटावलं असतं. त्या दिवशी हौदाकडे पाठ करून ते कितीतरी वेळ तिचं कपाळ खाजवत उभे राहिले.