सासऱ्यांची रोज चालणारी गाडी

"गाडी म्हणजे काय हो बाबा? चार चाकं, एक इंजिन आणि थोडासा आत्मविश्वास! संध्याकाळपर्यंत दारात फुरफुरत उभी करतो!"

जावयाने सकाळच्या चहाबरोबर ही घोषणा केली, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस वाहत आलेल्या ओंडक्याकडे पाहतो. ओंडका पोकळ आहे हे दिसतंय, पण दुसरा येणार नाही हेही दिसतंय.

एरवी सासरे या जावयाला फारसं मोजत नसत. त्याने या घरातला मिक्सर दुरुस्त केल्यापासून मिक्सर लावला की दारावरची घंटा वाजायची, आणि घंटा दाबली की मिक्सर फिरायचा. "पण फिरतो ना?" एवढंच जावयाचं त्यावर म्हणणं होतं. मात्र आज निवडीला वाव नव्हता. संध्याकाळी आत्याबाई यायच्या होत्या.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. सासरे नोकरीत असताना त्यांच्या नुसत्या खाकरण्याने फायली पुढे सरकत, असं म्हणतात. पण ताईचा फोन आला की हाच गृहस्थ खुर्चीतून उठून, शर्टाचं वरचं बटण लावून बोलायचा. आत्याबाईंचे यजमान गेले, तेव्हा त्यांची जिवापाड जपलेली गाडी आत्याबाईंनी भावाकडे पाठवून दिली होती. ट्रकवर चढवून, वर चादर घालून. अट एकच: "उभी ठेवू नकोस. रोज चालव."

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी आंघोळ करून, भांग पाडून किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, "खट." पुन्हा फिरवली. या वेळी ती तेवढंही म्हणाली नाही.

झालं! एका रात्रीत आपण ताईची गाडी मारली, अशी सासऱ्यांची पक्की खात्री पटली. मेकॅनिकला बोलवावं तर बातमी फुटणार. म्हणून त्यांनी गॅरेजचं शटर ओढून घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं फोनवर गाडी चालवली.

"गाडी कशी आहे रे?"

"झकास, ताई! आत्ताच चक्कर मारून आलो!"

ही चक्कर सुरुवातीला भाजीबाजारापर्यंत होती. मग टेकडीपर्यंत गेली. पुढे पुढे तर सासरे दुसऱ्या गावाला जाऊन जेवायच्या आत परत येऊ लागले. आणि आता आत्याबाईंचा फोन आला होता: "येतेय. गाडी बघितल्याशिवाय जीव थाऱ्यावर नाही माझा."

"तिला कळलं ना की मी इतकी वर्षं खोटं बोललो," सासरे बशीत पाहत म्हणाले, "तर ती माझ्याशी या जन्मात बोलायची नाही. रागावली तर परवडेल. पण ती गप्प बसते!"

"बाबा, मी आहे ना," जावई म्हणाला.

"तेच तर," जावयाची बायको म्हणाली.

शटर वर गेलं. गाडीवर इतकी धूळ होती की खाली गाडी आहे हे श्रद्धेनेच मानायचं. चारही टायर जमिनीला लोटांगण घालून होते. जावयाने बाह्या सरसावल्या, दार उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला.

आत धुळीचा कण नव्हता! सीट लख्ख! काचा आतून पुसलेल्या! त्याने मागच्या सीटखाली हात घातला, तर एक उशी निघाली. पुढच्या सीटखाली शब्दकोड्यांचं पुस्तक आणि पेन्सिल. कप्प्यात नेलपॉलिश आणि अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा. त्याने एक बिस्कीट खाऊन पाहिलं. कुरकुरीत!

"आई! बाबा! धावा! गाडीत कोणीतरी राहतंय!"

सगळे धावत आले. जावयाने पुरावे बॉनेटवर मांडले.

"ही टोळी आहे," तो म्हणाला. "एक झोपतो, एक शब्दकोडी सोडवतो आणि एकाचं नखांकडे लक्ष आहे."

तिघांचेही चेहरे पांढरेफटक पडले होते. यातली एक वस्तू आपली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. उरलेल्या कोणाच्या, या विचाराने मात्र प्रत्येकाची खरोखरच तंतरली होती.

"चोरच असणार," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "पण नीटनेटका आहे हो. उशीचा अभ्रा बघा कसा धुतलेला आहे."

"वाचनाचीही आवड दिसते," सासरे म्हणाले. "अवघड कोडी आहेत ती. सगळ्यांना नाही सुटत."

"रंगही चांगला निवडलाय," बायको पुटपुटली.

चोरांचं इतकं कौतुक जावयाने आजवर कधी ऐकलं नव्हतं. पण वेळ थोडा होता. त्याने गॅरेजवाल्याला फोन केला.

गॅरेजवाला म्हणजे अवाढव्य, आनंदी माणूस. त्याने टायरमध्ये हवा भरली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं ओतलं, ऑइल बदललं. एअर फिल्टर उघडला तर आत उंदरांचं ऐसपैस बिऱ्हाड निघालं. त्यांनी अंथरूण म्हणून सासऱ्यांचा हरवलेला मोजा वापरला होता. मग चारही प्लग काढून, घासूनपुसून फडक्यावर ठेवले.

"आता स्टिअरिंग बघतो," असं म्हणून तो आत बसला. खूप वेळ झाला तरी स्टिअरिंग बघून होईना. जावयाने वाकून पाहिलं. गॅरेजवाला घोरत होता.

"ओ भाऊ!"

"काय सीट आहे हो साहेब!" तो डोळे चोळत म्हणाला. "बसलो आणि माझा मी राहिलोच नाही. ही गाडी चालवायची कशाला? हिच्यात बसायचं."

सासऱ्यांना एकाएकी ठसका लागला. सासूबाई छताकडे बघू लागल्या.

जावयाने गॅरेजवाल्याला नवी बॅटरी आणायला पिटाळलं आणि स्वतः हात धुवायला गेला. परत येऊन पाहतो तर फडक्यावर चारऐवजी एकच प्लग!

"चोरांचं काम!" तो ओरडला. "त्यांना गाडी चालू व्हायला नकोय! त्यांचं घर जातंय ना!"

"अगदी बरोबर," तिघंही एका सुरात म्हणाले. इतका एकमुखी पाठिंबा त्याला या घरात पहिल्यांदाच मिळाला होता.

मग जावयाच्या डोक्यातून ती योजना निघाली, जी फक्त त्याच्याच डोक्यातून निघू शकत होती. "मी डिकीत लपतो. चोर आले की बाहेर उडी मारून रंगेहाथ पकडतो. कोणाला सांगायचं नाही!" हे त्याने इतक्या गुप्तपणे ठरवलं की खरंच कोणाला सांगितलं नाही. तो डिकीत शिरला आणि झाकण ओढून घेतलं. झाकण म्हणालं, "खट."

या गाडीचं हे "खट" फार वाईट होतं. आतून उघडायला काहीच नव्हतं! गुडघे हनुवटीला टेकवून, जॅकचा दांडा बरगडीत रुतवून, जावई अंधारात चोरांची वाट पाहू लागला. आता चोर येणं त्याच्याच फायद्याचं होतं.

थोड्या वेळाने पुढचं दार हळूच उघडलं. कोणीतरी बसलं. एक दीर्घ, समाधानी सुस्कारा ऐकू आला. मग मागचं दार उघडलं.

"अगंबाई! तुम्ही?"

"तू? तू तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना?"

"आणि तुम्ही बँकेत!"

"म्हणजे ती उशी…"

"आणि ती कोडी…"

"अगं, मी सकाळी बसतो इथे," सासरे हळू आवाजात म्हणाले. "सुरुवातीला नुसता माफी मागायला बसायचो गाडीची. मग सवय लागली. कोणी हाक मारत नाही, कोणी दळण आणायला पिटाळत नाही…"

"मी दुपारी बसते," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा टीव्ही ऐकू येत नाही इथे. आज म्हटलं, शेवटचं टेकून घ्यावं. संध्याकाळी चालू झाली की गेलीच ही!"

एवढ्यात तिसरं दार उघडलं.

"आई? बाबा?" हा आवाज जावयाच्या बायकोचा होता. "हात्तिच्या! आणि मी दर रविवारी 'माहेरी जाते' म्हणून येते आणि आधी तासभर इथे बसते!"

"का गं? जावईबापू त्रास देतात?"

"छे! चांगलाय तो. पण घरात सतत काहीतरी दुरुस्त करत असतो!"

डिकीत जावयाला अपमान आणि धूळ एकदमच नाकात गेली. अपमान त्याने गिळला असता. धुळीने मात्र घात केला.

"आऽऽक्छी!"

"चोर!" सासूबाई किंचाळल्या. "डिकीत!"

तिघंही बाहेर उड्या मारून आले. सासऱ्यांनी क्षणाचाही विलंब न लावता डिकीवर बैठक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वजनाचं चीज होत होतं.

"बाबा, मी आहे! मी! जावई!"

"आवाजही काढतो हो जावईबापूंचा!" सासूबाई म्हणाल्या.

"हुबेहूब!" सासरे अधिक घट्ट बसले. "सराईत दिसतोय!"

इतक्यात बॅटरी घेऊन आलेला गॅरेजवालाही, कशावर बसायचं हे न विचारता, शेजारी बसला. डिकीचं झाकण आत दबलं. जॅकचा दांडा आणि जावई यांच्यातलं उरलंसुरलं अंतर मिटलं.

"थांबा," बायको म्हणाली. ती डिकीजवळ वाकली. "आत कोण आहे ते आत्ता कळेल. सांग, आपल्या लग्नाची तारीख काय?"

मग चाचरत आवाज आला, "सप्टेंबर… की… नाही, थंडी होती ना? डिसेंबर?"

"तोच आहे," बायको म्हणाली. "उघडा."

जावई बाहेर निघाला तो प्रश्नचिन्हाच्या आकाराचा होता. त्याने हात पुढे केला. सासऱ्यांनी खिशातून एक प्लग काढून त्यावर ठेवला. सासूबाईंनी चष्म्याच्या घरातून दुसरा काढला. बायकोने पर्समधून तिसरा.

"नका करू चालू जावईबापू," सासूबाई काकुळतीने म्हणाल्या. "घरात तेवढीच एक जागा आहे हो."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे त्या गाडीकडे पाहत होते. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"करा चालू," ते म्हणाले. "जागा गेली तर गेली. ताई गेली तर मला दुसरी ताई नाही."

प्लग बसले. बॅटरी जोडली. गॅरेजवाल्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि जावयाने किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. गाडीने शिंकून सासऱ्यांच्या मोज्याचा उरलेला तुकडा सायलेन्सरमधून बाहेर फेकला. आणि तिसऱ्यांदा फिरवल्यावर… घर्रर्रर्र! खिडक्यांची तावदानं थरथरली, झाडावरचे पक्षी गाव सोडून गेले, निळा धूर गॅरेजभर दाटला आणि त्या धुरातून जावयाचा विजयी हात वर आला.

"झाली! बाबा, झाली!"

सासऱ्यांनी त्याला मिठीच मारली. मग धूर निवळल्यावर सोडलं.

जावयाने गाडी दारात आणून उभी केली आणि त्याच वेळी समोर टॅक्सी थांबली. आत्याबाई उतरल्या. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. गाडीला पाहून त्या टॅक्सीपाशीच थबकल्या.

"बघ ताई!" सासरे इंजिनापेक्षा मोठा आवाज काढून ओरडले. "म्हटलं होतं ना, रोज चालवतो!"

आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"ही… चालू होते?"

"म्हणजे काय! झकास!"

"अरे, पण ही कधीच चालू नव्हती!"

सासऱ्यांचा हात नकळत शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"तुझे दाजी रोज सकाळी 'गाडी चालवून येतो' म्हणायचे आणि शटर ओढून आत बसायचे. आमच्यात 'चालवणं' म्हणजे तेच. कधी मीही जाऊन बसायचे शेजारी. आमची सगळी भांडणं त्या सीटवर मिटली. तू फोनवर 'चक्कर मारून आलो' म्हणालास की मला वाटायचं, चला, हाही बसतो वाटतं." त्यांनी डोळे पुसले. "त्या सीटवर घटकाभर टेकायला आले रे मी एवढ्या लांबून. आणि तुम्ही हे काय करून ठेवलंत? आधी बंद करा तो आवाज!"

जावयाने किल्ली फिरवली. गल्लीत एकदम शांतता पसरली.

आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या. सासरे त्यांच्या शेजारी, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग आत्याबाईंनी भावाच्या हातावर हात ठेवला. "थापाड्या," त्या म्हणाल्या, आणि दोघंही गदगदून हसायला लागले. ते पाहून सासूबाई मागे बसल्या. बायको त्यांच्या शेजारी बसली. उरलेल्या जागेत गॅरेजवाला बसला आणि बसल्या बसल्या झोपला.

"जावईबापू," आत्याबाई काच खाली करून म्हणाल्या, "इथे रस्त्यावर फार वर्दळ आहे. गाडी आत घ्या पाहू."

"घेतो की!" जावई उत्साहाने म्हणाला. "बाबा, फिरवा किल्ली!"

"किल्लीला हात लावाल तर खबरदार! ढकला."

दिवसभर राबून जिवंत केलेली ती गाडी, आत पाच माणसं बसलेली असताना, जावयाने खांदा लावून इंचाइंचाने गॅरेजमध्ये ढकलली. इंजिन उत्तम स्थितीत होतं. जावई नव्हता. तो घामाने निथळत, धापा टाकत खिडकीपाशी आला. निदान कोणी "शाब्बास" म्हणेल, अशी त्याची माफक अपेक्षा होती.

काच जराशी खाली झाली.

"अहो जावईबापू," सासरे कुजबुजले, "ते शटर तेवढं ओढून घ्या. उजेड येतोय डोळ्यांवर."

जावयाने बाहेर येऊन शटर ओढलं.

"अरे, ऐक ना!" आतून बायकोचा आवाज आला. त्याने आशेने कान लावला.

"पूर्ण नको लावू. हवा येऊ दे थोडी!"