मेश्रामदादांची रिलीवर

मेश्रामदादा खुर्चीवरून सहजासहजी उठत नसत. आळशी होते असं नाही. आपली जागा घ्यायला दुसरं कोणी आल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांचा नियम होता. विद्यापीठात आम्ही संशोधक विद्यार्थी एकाच खोलीत बसायचो. चहाला निघू म्हटलं की दादांचा प्रश्न ठरलेला, "रिलीवर कोठी हाय?" मग कोणीतरी बिचारा येऊन त्यांच्या खुर्चीत बसायचा. दादा त्याला गंभीर चेहऱ्यानं चार्ज द्यायचे, "पंखा दोनवर ठेवजो. खिडकी लागत नाई, कागदं दाबून ठेवजो." आणि मगच पायात चपला सरकवायचे.

एकदा पावर हाउसच्या बाजारात ऑटोतून उतरायचं होतं. मी उतरलो, दादा उतरेनात. शेवटी एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चढल्या, तेव्हा "बसा मावशी, सांभाळा" म्हणत ते खाली आले. ऑटोवाला माझ्याकडे बघायला लागला, तशी मी नजर बाजाराकडे वळवली.

हे सगळं वडलांकडून आलं होतं. वडील कारखान्यात भट्टीवर. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलीवर, आल्याशिवाय भट्टी सोडायची नाही. मी दुर्गच्या मोहन नगरातला, ऑफिसातल्या बाबूचा मुलगा. आमच्याकडे घड्याळात पाच वाजले की कोणी कोणासाठी थांबत नसे. त्यामुळे मला दादांची फार गंमत वाटायची.

गंमत म्हणजे त्यांचा प्रबंध कधीच लिहून झाला होता! टाइप होऊन, बाइंडिंग होऊन मरोद्याच्या बस्तीतल्या घरी कपाटात पडला होता. आमचे सर वैतागायचे, "अरे मेश्राम, कावून जमा करून नाही राहिला?" दादा मान खाली घालून म्हणायचे, "सर, रिलीवर नाई आला." आम्ही पोट धरून हसायचो.

मग फी वाढली. त्याच आठवड्यात मेसमधल्या कंत्राटी बायांनी थकलेल्या पगारासाठी काम बंद केलं. त्या आणि आम्ही विद्यार्थी, सगळे मिळून गेटवर बसलो. काय दिवस होते! बाया विटांच्या चुलीवर खिचडी शिजवायच्या, आम्ही लाकडं गोळा करायचो, आणि अर्धी कच्ची खिचडी खाऊन घसा फाटेस्तोवर घोषणा द्यायचो. तशी चव पुढं कुठल्या हॉटेलात मिळाली नाही.

बायांचा पगार झाला, त्या कामावर परतल्या. परीक्षा जवळ आली तशी मुलंही पांगली. गेटवर दादा तेवढे उरले.

मी त्यांना उठवायला गेलो. "दादा, तुमचं तर सगळं झालंय. वाढलेली फी तुम्हाला भरायचीच नाही. मग उन्हात कशाला बसता?"

दादांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"आमच्या गल्लीतली रंजना हाय ना, तिचा पीएचडीले नंबर लागला होता इथं. फी आयकून तिचा बाप म्हणे, राहू दे. आमच्या बस्तीतून इथं आलेला मी पहिला. मी जमा करून गेलो तं मांगं कोनीच नाई. खुर्ची खाली सोडून कसा जाऊ, सांग मले?"

इतकी वर्षं आम्ही ज्याला विनोद समजत होतो, त्याचा अर्थ हा होता. मला फार वाईट वाटलं. मी तिथंच बसलो. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले, मग बाकीचे. आता पाळ्या लागल्या, अगदी दादांच्या पद्धतीनं. पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचं, पण रिलीवर आल्याशिवाय उठायचं नाही. गेट एकदाही रिकामं पडलं नाही. शेवटी फीवाढ मागे घेतली गेली, निदान त्या वर्षापुरती तरी.

रंजना आली त्या सकाळी दादांनी खुर्ची आपल्या रुमालानं पुसली. पंखा, खिडकी, कागदं, सगळा चार्ज दिला. मग ऑफिसात जाऊन प्रबंध जमा केला आणि कोणाला न सांगता निघून गेले.

दुपारी मी बाहेर पडलो, तर दादा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले.

"अहो, आता कोणाची वाट बघताय? तुमची रिलीवर तर आली!"

"जातो बावा, जातो," दादा आमच्या खोलीच्या खिडकीवरची नजर न हलवता म्हणाले. "पहिला दिवस हाय तिचा. जेवाले उठली, तं घडीभर तिच्या जागी बसाले कोनी पायजे ना?"