खुशालकाकांच्या वेबसाईटवरचे पाव्हणे

आमच्या समोरच्या घरातले खुशालकाका रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मोबाईलला "या, बसा" म्हणतात. फोनवर कोणी नसतं. पडद्यावर नुसता एक आकडा असतो. काकांच्या वेबसाईटला त्या दिवशी किती जणांनी भेट दिली, तो. आकडा एकाने वाढला की काका धोतर सावरून जरासे सरकतात, शेजारी जागा करून देतात आणि म्हणतात, "या, बसा."

एकदम दोनने वाढला तर, "या, या! जोडीनं आले वाटते!"

अड्याळमध्ये नवीन आलेल्या माणसाला हे वेड वाटतं. आम्हाला वाटत नाही. आम्ही काकू असतानाचं ते घर पाहिलेलं आहे.

काकांच्या घरात हातमाग आहे. करवती काठाची, म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली कोशाच्या रेशमाची लुगडी आणि धोतरं ते स्वतः विणतात. पण त्या घराची खरी ख्याती लुगड्यांची नव्हती, मंडईची होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा लोकनाच होतो, रात्री नाटक होतं, आणि घरोघर सोयरे जेवायला येतात. कोणाकडे किती पाव्हणे आले यावर त्या घराची वर्षभराची पत ठरते. सुमनकाकू होत्या तोवर काकांच्या अंगणात पंगतीवर पंगत उठायची. काकू गेल्या, आणि पुढच्याच मंडईला पाव्हणे निम्मे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी चुलत साळा तेवढा आला, तोही मोटारसायकल बंद न करता. गेल्या वर्षी कोणीच आलं नाही. आईने रांधून दिलेला भात काकांनी दुसऱ्या दिवशी गाईंना घातला.

काका मात्र याचा दोष कोणा सोयऱ्याला देत नाहीत. "आपला भंडारा जिल्हा तुटला ना गा," ते म्हणतात. "अर्धे सोयरे गोंदियात गेले. परजिल्ह्यातून येनं सोपं हाय काय?" हे परजिल्ह्यातले सोयरे बसने दोन-अडीच तासांवर राहतात, आणि जिल्हा तुटल्यावरही काकू असेपर्यंत दरवर्षी येत होते. पण सरकारवर ढकलता येणारं दुःख माणसावर ढकलू नये, हा काकांचा नियम असावा.

वेबसाईट काढायची कल्पना त्यांना रोशनभाऊंनी दिली. रोशनभाऊ भंडाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसतात आणि लोकांना गर्दी विकतात. त्यांच्या पाटीवर "डिजिटल मार्केटिंग" लिहिलेलं आहे. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला माणूस. माझ्या मते पत्रक म्हणजे आपलं खरं दुसऱ्यापर्यंत नेणं, आणि जाहिरात म्हणजे दुसऱ्याच्या खिशातलं आपल्यापर्यंत आणणं. हे मी काकांना रस्त्यात उभं राहून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय, पत्रकवाले. पन तुह्या पत्रकानं कोनी घरी येते काय?"



वेबसाईट सुरू झाली. रोशनभाऊंनी आकडा कुठे दिसतो ते दाखवलं आणि तिथेच चूक केली. पहिल्याच आठवड्यात काका त्यांच्या खोलीत जाऊन बसले. मी सोबत होतो.

"रोशनभाऊ, हे लोक येतेत अन् लगेच जातेत, असं काहून?"

"काका, त्याला बाउन्स म्हणतात. येतात, पहिलं पान बघतात, निघून जातात. सगळीकडे असंच असतं."

"पानी न पेता?"

"वेबसाईटवर पाणी कुठून देणार, काका?"

काकांना हे पटलं नाही. माणूस उंबरठ्यावरून परत जातो म्हणजे घरवाल्याचं काहीतरी चुकलं. त्यांनी रोशनभाऊंकडून पहिल्या पानावर तांब्याचा फोटो टाकून घेतला, बाजूला गुळाचा खडा, खाली "बसा. पानी प्या." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आमच्याकडे पाव्हणा पाणी प्यायला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. तेही काकांनी टाकले. कोन गावचे? अड्याळात कोनाचे सोयरे? आणि उत्तर दिल्याशिवाय लुगडी दिसायची नाहीत!

रोशनभाऊंनी कपाळाला हात लावला. "काका, अहो, पुण्याची बाई लुगडं घ्यायला आली तर ती अड्याळात कोणाची सोयरी असणार?"

"नसन तं नाही म्हनन. पन न इचारता घरात घेनं बरं दिसते काय? तिले वाटन, कसे लोक हायेत, कोन गाव म्हनूनबी इचारलं नाही."

पुण्याच्या बाईला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. ती तांब्यापाशीच परत गेली.

आकडा घसरला. मग काकांनी प्रचार स्वतःच्या हातात घेतला. आठवडी बाजारात त्यांनी ऑटोवर भोंगा लावून वेबसाईटचा पत्ता एकेक अक्षर सुटं करून ओरडायला माणूस ठेवला. वांगी विकणाऱ्या बाया दोन बाजारांत तो पत्ता पाठ म्हणू लागल्या. त्यांतल्या एकीकडेही असा मोबाईल नव्हता, ज्यावर तो उघडेल. नंतर गावात नाटक आलं. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात देणगी देणाऱ्याचं नाव मध्येच पुकारतात. काकांनी देणगी दिली, पण अट घातली की नाव खलनायकानेच घ्यावं, कारण लोक त्याचं लक्ष देऊन ऐकतात. तिसऱ्या अंकात खलनायकाने नायिकेच्या बापाची कॉलर धरली, सुरा उगारला, सगळा मंडप गप्प झाला, आणि तो गरजला, "म्हाताऱ्या, मरण्याआधी एकदा खुशाल कोसा केंद्राच्या वेबसाईटला भेट दे!"

बापाचं काम करणारा नट मान हलवून "हो" म्हणाला. त्यानंतर त्याच्या मरणाला कोणी रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा उसळला. काका ओसरीवर "या, बसा" म्हणून दमले. सगळे पाव्हणे अड्याळचेच होते. आपल्या गावाचं नाव पडद्यावर कसं दिसतं ते पाहायला आले होते. अड्याळात कोणाचे सोयरे, या प्रश्नावर अर्ध्या लोकांनी काकांचंच नाव टाकलं होतं.

मग रोशनभाऊंनी शेवटचा उपाय केला. एका रात्रीत आकडा हजारांत गेला. कुठले कुठले देश. काकांनी मला हाक मारून नेलं. चेहरा दिवाळीसारखा. "पाह्य, पाह्य! समुद्रापलीकडचे हायेत!" मीच करंटा. मी त्यांना सांगितलं की ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत, विकत मिळतात, आकडा फुगवायला सोडतात. या धंद्याबद्दल मी बराच वेळ संतापून बोललो. गर्दीचा काळा बाजार, खोट्या डोळ्यांची मंडी, असं बरंच काही. काका मोबाईलकडे पाहत राहिले.

"एकबी मानूस नाही?"

"नाही, काका."

"मंग मी सकाळपासून या-बसा कोनाले म्हनून राहिलो?"

माझा संताप तिथेच संपला. त्यानंतर काही दिवस काकांनी मोबाईल ओसरीवर आणलाच नाही.

मंडई जवळ आली तसे काका पुन्हा उठले. रोशनभाऊ म्हणाले, सणाची जाहिरात करू, लुगड्यांवर सूट देऊ. काका उखडले. "मंडईले सूट देतेत काय? मंडईले जेवन देतेत!" आणि त्यांनी जाहिरात केली. हात जोडलेला स्वतःचा फोटो, आणि मजकूर: "अड्याळच्या मंडईले या. जेवूनच जा." खाली घराचा पत्ता. रोशनभाऊंनी नकाशावर एक गोल काढला, या गोलातल्या लोकांना ती दिसेल म्हणून. काकांनी तो गोल ओढून ओढून गोंदिया जिल्ह्यातल्या सोयऱ्यांच्या गावांपर्यंत नेला. मग चौकात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा माह्या अंगनात पाय ठेवाले जागा राहनार नाही."

चौक हसला. चौकाला हसायला फार लागत नाही. पण त्या दिवसापासून साऱ्या अड्याळचं लक्ष त्या अंगणावर होतं, आणि काकांना ते माहीत होतं.

मंडईच्या दिवशी पहाटे आईने आणि शेजारच्या बायांनी काकांच्या घरी चुली पेटवल्या. नव्या तांदळाचा भात, उडदाचे वडे, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, वांग्याची भाजी. मटण करायचं की नाही यावर काका दोन दिवस अडले होते. "कोन येनार ते मालूम नाही, त्याईचं काय चालते ते मालूम नाही." शेवटी रद्द केलं. स्वतः विणलेलं करवती धोतर नेसून ते ओसरीवर बसले. मोबाईल आत ठेवला होता.

नऊ वाजले, दहा वाजले. गल्लीतून पाव्हणे जात होते, सगळे दुसऱ्यांचे. काकांचा चुलत साळाही गेला. त्याने हात हलवला आणि पुढच्या घरी शिरला. चौकातली मंडळी मुद्दाम फेरी मारून जात होती.

"काका, ऑनलाईन पाव्हने निंगाले काय घरून?"

"निंगाले असतीन."

"रस्त्यात रेंज गेली असन!"

काका हसले. मी पाहत होतो, ते हसणं चेहऱ्यावर जास्त वेळ राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं. जेवणाची वेळ टळली. आईने मला खुणेने विचारलं, झाकून ठेवू का. 

आणि मग एक मोटारसायकल गल्लीत आली, थांबली, पुढे गेली, वळून परत आली. नवरा, बायको, मध्ये चारेक वर्षांची मुलगी. तिघांचे कपडे इस्त्रीचे. तो माणूस खाली उतरला, मोबाईलमधला फोटो आणि ओसरीवरचे काका ताडून पाहिले, आणि दारातच उभा राहून हळूच म्हणाला, "भैया, यहीं पे मंडई का खाना है? एक आदमी का कितना लगेगा?"

काका उठले. त्यांनी धोतर सावरलं. मग त्यांची हिंदी निघाली. "लगता-वगता कुछ नहीं जी! आओ नं, बैठो नं! पानी लाव रे कोनी! कोन गाँव के जी तुम?"

तो माणूस ओडिशाचा होता. भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या पोलाद कारखान्यात वेल्डर. मुलगी इथेच जन्मली होती. पाणी पिऊन झाल्यावर तो जरा मोकळा झाला आणि म्हणाला, "बाबूजी, हर साल देखते हैं, दिवाली के बाद सब लोग सज-धज के गाँव-गाँव जाते हैं. कारखाने में पूछा तो बोले, मंडई है, रिश्तेदारों के यहाँ जाते हैं. हमारा तो इधर कोई है नहीं. फिर मोबाईल में आपका फोटो आया. हम लोग तीन दिन सोचते रहे, कि सच में बुलाया है क्या."

"फिर?" काकांनी विचारलं.

"इसने बोला," तो बायकोकडे पाहून म्हणाला, "चलो, भगा देंगे तो वापस आ जाएँगे."

काका एकदम आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात वड्यांची परात होती आणि चेहरा धुतलेला होता.

तिघांना त्यांनी स्वतः वाढलं. नको म्हटलं की वाढलं, पुरे म्हटलं की वाढलं. पोरीच्या पानात सुवारीचे तुकडे करून दिले. बाईची नजर भिंतीवरच्या कोशाच्या लुगड्यावर गेली, तिने किंमत विचारली. वेबसाईटवर इतकी माणसं इतक्या खटपटीने ज्यासाठी बोलावली, ते गिऱ्हाईक समोर पाटावर बसलं होतं. काका म्हणाले, "वो रहने दो जी. वडा ठंडा हो रहा."

जेवणं झाल्यावर आईने त्या बाईची ओटी भरली. ती गोंधळून पदर पसरून उभी राहिली. काका त्यांना पोचवायला गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत गेले, मोटारसायकल हाताने ढकलत तो वेल्डर त्यांच्या बाजूने. चौकातून जाताना काकांनी कोणाकडे पाहिलं नाही. चौकातही कोणी हसलं नाही.

परत येताना ते म्हणाले, "का गा, वरठीत असे आनखी असतीन काय?"

"असतील की. कारखाना आहे, कुठून कुठून लोक आलेले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोशनभाऊंना फोन लावला. "रोशनभाऊ, तो गोल लहान करा. गोंदिया काढा. पुनं-मुंबई सारं काढा. वरठी ठेवा फक्त." तिकडून रोशनभाऊ बराच वेळ समजावत होते. वरठीत कोशाचं मार्केट नाही, पुढची मंडई वर्षभर दूर आहे, पैसे वाया जातील. काकांनी सगळं ऐकून घेतलं, "तेच म्हनतो मी, वरठी," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग रस्ता ओलांडून आमच्या ओसरीवर आले.

"पत्रकवाले, जाहिरात लिहून दे. हिंदीत पाह्यजे, माही हिंदी लोकाईले समजत नाही."

मी कागद घेतला. लुगड्यांबद्दल काय लिहू, असं विचारलं.

"लुगड्याचं काही लिहू नको. लिहजो, ज्याईचं इथं कोनी नाही, त्याईनं यावं." मी लिहीत होतो. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अन् लिहजो, सकाळीच यावं. दुपारपर्यंत वाट पाहाले लावू नये."